बाईंच्या खिडकीचं व्हर्जन

"तुम्हाला आता फिरायची गरज नाही," साहेब म्हणाले, आणि व्हर्जनरावांना वाटलं की आपल्याला नोकरीवरून काढलं.

तसं काही नव्हतं. साहेब वयाने त्यांच्या मुलाहून थोडेसेच मोठे होते आणि त्यांना चांगल्या बातम्या द्यायची हौस होती. पुढच्या महिन्यापासून ग्रंथालयाच्या सगळ्या शाखांमधली यंत्रं मुख्य कचेरीतूनच अपडेट होणार होती. नवं व्हर्जन बाहेर पडलं की सगळीकडे एकाच वेळी, आपोआप. पेन ड्राइव्ह खिशात घालून बसने शाखाशाखा हिंडायचं आणि जिथे जाऊ तिथल्या लोकांची बोलणी खायची, ही व्हर्जनरावांची कटकट कायमची संपली. साहेबांनी हे इतक्या आनंदाने सांगितलं की व्हर्जनरावांना आभार मानावे लागले.

"सगळ्या शाखा?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"नदीपलीकडची पण?"

"तिला काय सोनं लागलंय?"

"तिथं नेट जरा…"

"मी तपासलंय. आपल्यापेक्षा चांगलंय."

व्हर्जनराव "बरं" म्हणाले. सगळ्या नोकरीत त्यांनी हाच शब्द सर्वात जास्त वापरला होता आणि त्याचं नवं व्हर्जन अजून कुणी काढलं नव्हतं.

व्हर्जनराव हे नाव त्यांना कुणी आणि कधी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकटचं होतं, म्हणजे जगभरातली एकमेकांना न पाहिलेली माणसं ते मिळून लिहायची. कुणीही ते घ्यावं, उघडून बघावं, आपल्या सोयीने बदलावं. बदलण्याचा हा हक्क ती माणसं स्वतः मात्र अगदी मनापासून बजावायची. दर थोड्या दिवसांनी नवं व्हर्जन निघे आणि त्यासोबत 'नवीन काय' असं एक पत्रक येई. पत्रकात कायम आनंदीआनंद. 'आता अधिक सुटसुटीत' असं लिहिलेलं असलं की समजायचं, कालपर्यंत डावीकडे होतं ते आज उजवीकडे गेलंय. 'आपल्या सूचनांचा आदर करून' असंही असे. सूचना कुणी केल्या होत्या याचा पत्ता व्हर्जनरावांना कधी लागला नाही. ते शाखेच्या दारात दिसले की माणसं "आलं का आणखी एक?" असं विचारत, आणि त्यांच्या तोंडावर अशी कळा येई जणू यांनीच घरी बसून बटणं हलवली.

नदीपलीकडच्या शाखेत मात्र असं कुणी विचारत नसे. तिथल्या देवघेवीच्या खिडकीवर बाई बसत. पुस्तक देणं आणि परत घेणं एवढंच काम त्यांनी तरुणपणापासून केलं होतं, आणि त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. सभासदाचं कार्ड स्कॅनरखाली, मग पुस्तक स्कॅनरखाली, मग बाणाच्या कळीने 'दिलं' किंवा 'परत आलं' या बटणावर जायचं आणि कळ दाबायची. दिलं असेल तर शेजारचं छपाईयंत्र कुरकुरत तारखेची चिठ्ठी काढी. परत आलं असेल तर ते गप्प राही. बाईंचा हात असा चाले की रांगेतल्या माणसाला बोलायला सुरुवात करायलाही वेळ मिळू नये.

काही वर्षांपूर्वी व्हर्जनराव तिथे नवं व्हर्जन चढवायला गेले तेव्हा बाई सकाळभर चुकत होत्या. देताना परत घेत होत्या, परत घेताना देत होत्या. व्हर्जनरावांनी शेजारी उभं राहून पाहिलं. बाई पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर पडद्याच्या डाव्या कडेवरून पुढे भिंतीवर कुठेतरी लागलेली होती.

"बाई, वरचा नंबर वाचता का जरा?"

"चष्मा घरी राहिलाय," बाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

व्हर्जनराव "बरं" म्हणाले. घरी जाऊन त्यांनी सॉफ्टवेअर उघडलं, बटणं जुन्या जागी, जुन्या क्रमाने परत आणली आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्या एका यंत्रावर ते चढवून आले. बाईंनी काही विचारलं नाही. फक्त त्यांच्या हाताने पुन्हा वेग धरला.

तेव्हापासून हे चालू होतं. प्रत्येक नव्या व्हर्जनसोबत ती माणसं पुढे जात आणि व्हर्जनराव एका खिडकीपुरतं त्यांना मागे आणत. कधी तासाभराचं काम असे, कधी सुट्टीचा अख्खा दिवस जाई. "आपल्या मोरीतला नळ जुना आहे म्हणून गळत ठेवलाय का?" असं बायको त्यांच्या पाठीमागून विचारी. एकदा त्यांनी मोठी हिंमत करून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींनाच कळवलं, की बटणं जुन्या जागी ठेवण्याची सोय तुम्हीच द्या, बदल मी करून पाठवतो. समोरून फार अदबशीर उत्तर आलं. आभार मानले होते, हसरा चेहरा काढला होता आणि ही सोय किती जणांना लागेल, असं विचारलं होतं. व्हर्जनरावांनी खरं काय ते लिहिलं. एक. त्यावर 'तूर्तास विचार नाही' असा शेरा बसला आणि विषय मिटला.

बाई आणि ते याबद्दल कधी बोलले नाहीत. नवं आलं म्हणे, असं त्या म्हणत. आलंय, असं ते म्हणत. माझ्याकडे काही फरक जाणवला नाही, असं त्या म्हणत, आणि तुमच्याकडे सगळं जरा सावकाश पोचतं, असं ते सांगत. मग चहा येई.

साहेबांची बातमी घेऊन ते बाईंकडे गेले ते आठवडी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. वाचक गेले होते, शिपाई खिडक्या लावत होता. व्हर्जनरावांनी घसा साफ केला आणि आपोआप म्हणजे काय ते समजावायला लागले. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

"म्हणजे आता तुम्हाला मध्ये पडता येणार नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या जगाच्या खिडक्या बदलतात आणि माझी तेवढी नाही. एवढं न कळायला मी डोळ्यांनी गेलेय, डोक्याने नाही."

मग त्यांनी सांगितलं. जिकडे पाहावं तिथे मधोमध डाग होता, कडेकडेने दिसायचं. चालायला, माणूस ओळखायला तेवढं पुरे होतं. वाचायला नाही. वर्षअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. आधी कळलं तर डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं करतील, मग आतल्या खोलीत खुर्ची देतील आणि येणारेजाणारे हळू आवाजात बोलतील.

"मला तारखेला जायचंय," बाई म्हणाल्या. "खिडकी मी बंद करायची. दुसऱ्या कुणी येऊन नाही."

व्हर्जनराव म्हणाले, की नेटची तार काढून ठेवू. उंदरांनी कुरतडली म्हणून सांगू.

"पुढच्या खेपेला काय सांगणार? मांजरांनी?" बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "नवं शिकवा मला. उद्या सुट्टीच आहे."

दुसऱ्या दिवशी व्हर्जनराव आपला जुना लॅपटॉप घेऊन शाखेत आले. त्यावर त्यांनी सगळ्यात नवं व्हर्जन जसंच्या तसं चढवलं होतं; स्कॅनर आणि छपाईयंत्र खिडकीवरचंच जोडलं. बाई डोळे मिटून बसल्या. उघडे ठेवले की उगाच आशा लागते, असं म्हणाल्या. व्हर्जनराव बटणांची जागा सांगत, बाई बोटांनी जाऊन येत, चुकत, पुन्हा सुरुवातीपासून जात. आधी फक्त 'दिलं'. मग फक्त 'परत आलं'. मग व्हर्जनरावांनी वाचक व्हायचं आणि मनाला येईल ते मागायचं. दुपारपर्यंत दोघांच्या पाठी भरून आल्या.

"ही बदलणारी माणसं असतात कुठं हो?" बाईंनी मध्येच विचारलं.

"सगळीकडे."

"त्यांना घरी कामं नसतात?"

"असतात. ती आटोपल्यावर हे करतात."

"पगार?"

"बऱ्याच जणांना नाही."

"मग बोलायचीही सोय नाही," बाई म्हणाल्या, आणि बोटं पुन्हा कळांवर ठेवली.

त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या अशाच गेल्या. शेवटी शेवटी बाईंचा हात पूर्वीसारखा नाही तरी त्याच्या जवळपास चालू लागला. नव्या बटणांवरून परत पुस्तक घेतलं आणि छपाईयंत्र गप्प राहिलं की त्या मान हलवत. यंत्र गप्प, म्हणजे बरोबर.

ठरल्या दिवशी व्हर्जनराव सकाळी कचेरीत पोचले तेव्हा साहेब खुशीत होते. सगळ्या शाखा एका दमात झाल्या होत्या. आणि योगायोग असा, की परवाच आणखी नवं व्हर्जन निघालं होतं, तेव्हा जुनं कशाला म्हणून साहेबांनी तेच चढवलं. व्हर्जनराव आपल्या पडद्यासमोर बसले आणि त्यांनी 'नवीन काय' उघडलं. 'बटणांचा क्रम आता अधिक स्वाभाविक.' त्यांनी बाईंना जे व्हर्जन पाठ करून दिलं होतं, ते बाईंच्या खिडकीवर एक दिवसही न चालता जुनं झालं होतं.

त्यांनी शाखेत फोन लावला. दुसऱ्या खिडकीवरच्या कारकुनाने उचलला. बाई कामात आहेत, भली मोठी रांग आहे, काही निरोप द्यायचा का, असं तो विचारत होता. कारकुनाकडे देता येईल असा कुठलाच निरोप व्हर्जनरावांना सुचला नाही. त्यांनी फोन ठेवला आणि बस पकडली.

ते आत शिरले तेव्हा खिडकीपाशी एक निवृत्त मास्तर उभे होते. नेहमीचे वाचक. त्यांच्या हातात चिठ्ठी होती.

"बाई, मी परत करायला आणलंय. तुम्ही पुन्हा माझ्याच गळ्यात मारलंत."

रांगेत कुणीतरी हसलं. बाईंनी पुस्तक परत स्कॅनरखाली धरलं. बोटं गेली, थांबली, जपून पुढे गेली. छपाईयंत्र कुरकुरलं. दुसरी चिठ्ठी बाहेर आली.

व्हर्जनराव रांगेच्या बाजूने पुढे सरकत होते आणि लोकांना वाटत होतं की हे मध्ये घुसताहेत. एकाने त्यांचा दंड धरला. तेवढ्यात बाईंनी हात कळांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"मला पडद्यावरचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. शेजारच्या खिडकीवर जा सगळे."

रोज 'पुढचे या' म्हणायच्या त्याच आवाजात त्या हे म्हणाल्या. हसलेला माणूस आता आपल्या पुस्तकाचं मागचं पान वाचत होता. मास्तरांनी हातातली चिठ्ठी घडी करून खिशात घातली. बाईंनी खण चाचपून 'बंद' अशी पाटी काढली. अक्षरांवरून बोट फिरवून सुलटी कुठली ते पाहिलं, ती काचेला लावली, कोपरे सारखे केले आणि वरचा दिवा घालवला.

बाहेरच्या बाकावर ते दोघं बराच वेळ बसले. शिपायाने न सांगता चहा आणून ठेवला होता.

"मी जुनं शिकवलं," व्हर्जनराव म्हणाले.

"शिकवलं तेव्हा नवं होतं."

"थोडेच दिवस राहिले होते हो. मी आज येऊन…"

"आज आला असतात, पुढच्या महिन्यात आला असतात. दमले मी, व्हर्जनराव. एवढी वर्षं एकच काम केलं आणि ते सारखं नव्याने शिकत बसले." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तारीख नाही जमली. पण खिडकी मीच बंद केली ना?"

"तुम्हीच."

"पाटी सरळ लागली होती?"

"अगदी सरळ."

उरलेले दिवस बाईंनी रजा टाकली आणि रजेतूनच त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम मुख्य कचेरीत झाला. साहेब बदलांना धैर्याने सामोरं जाण्यावर बोलले. बाईंनी नजर त्यांच्या डाव्या कानाच्या पलीकडे लावून सगळं ऐकून घेतलं.

मोरीतला नळ व्हर्जनरावांनी बदलून टाकला. सुट्टीच्या दिवशी आता हाताला दुसरं काम नव्हतं.

पुढे आणखी काही व्हर्जनं आली. ती चढवायची नसली तरी व्हर्जनराव सवयीने 'नवीन काय' वाचत. एका पत्रकाच्या शेवटाकडे, किरकोळ सुधारणांमध्ये, एक ओळ होती. 'हवी असल्यास बटणं जुन्या जागी ठेवण्याची सोय. अनेकांच्या मागणीवरून.' ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग दुपारी साहेबांना काहीतरी कारण सांगून ते नदीपलीकडच्या शाखेत गेले.

बाईंच्या खिडकीवर आता बदलीवर आलेला एक कारकून बसे. तो चहाला उठला होता. व्हर्जनराव खुर्चीत बसले. त्यांनी यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या सोयीपुढे खूण केली. बटणं हलली आणि जुन्या जागी येऊन उभी राहिली, जशी एकेका सुट्टीत ते स्वतः आणून ठेवत तशीच. परत आलेल्या पुस्तकांच्या चळतीतलं वरचं पुस्तक त्यांनी घेतलं, डोळे मिटले आणि स्कॅनरखाली धरलं. बाणाच्या कळीवर बोट ठेवून ते बाई जात तसे मोजत गेले आणि कळ दाबली.

छपाईयंत्र गप्प राहिलं.

"काही बिघडलंय का?" चहाचा पेला घेऊन परतलेल्या कारकुनाने विचारलं.

"नाही," व्हर्जनराव म्हणाले. "बरोबर चाललंय." त्यांनी खूण काढून टाकली आणि खुर्ची मोकळी करून दिली.