कोरा चौकोन

या, जवळ सरका. गोष्ट बरोबरीच्या चिन्हांची आहे, पण तिच्यात एका सुताराचा जीव अडकलाय. मन लावून ऐका.

इस्पितळाचं वेबपान लिहिणारीला सगळे यंत्रताई म्हणत. सकाळच्या फेरीत परिचारिका विचारायची, "किती दुखतंय, शून्य ते दहा?" आणि आकडा त्या पानावरच्या चौकोनात भरायची. शून्य असेल तर हिरवा ठिपका: वेदना नाही. मोठ्या सिस्टरांचा दंडकच होता, रोगी भेटला नाही तर चौकोन कोरा ठेवा, अंदाजपंचे आकडा नको. दुपारी कुणीतरी पुन्हा विचारेल.

सुतारकाका फेरीच्या वेळी पट्टी बदलायला गेलेले असत. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेलेला. हाक कुठली मारणार? दोन दिवस चौकोन कोरा, ठिपका मात्र हिरवा. हिरवा पाहून दुपारी कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरांना दिसलं, काकांनी उशीचा कोपरा दातांनी फाडला होता.

"तुमच्या मुलींनी शून्य भरलं असेल," यंत्रताई म्हणाली.

"माझ्या मुली कोऱ्या पाटीवर शून्य काढत नाहीत, बाई! तुझ्या शहाण्या यंत्राला विचार."

चौकोनात शून्य आहे का, हे ताडणारी आपलीच ओळ तिने उघडली आणि चर्र झालं. तुलनेला दोनच बरोबर-चिन्हं. तेवढ्यावर, पान ज्या यंत्रभाषेत लिहिलं ती भाषा भिडस्तासारखी दोन्ही बाजू जुळवून घेते. कोऱ्या जागेलाही शून्य मानते. तीन चिन्हं असली की ती भीड सोडून काटेकोर तोलते, म्हणून तिने तिसरं चिन्ह जोडलं, तर खरं शून्यही नाकारलं गेलं, कारण चौकोनातलं शून्य आकडा नव्हता, नुसतं अक्षर होतं. मग तिने नीट मांडलं: आधी कोरं आहे का पाहायचं, असेल तर लाल ठिपका, म्हणजे विचारायचं राहिलंय, नसेल तर अक्षराचा आकडा करायचा, आणि मगच तीन चिन्हांनी तुलना.

"झालं?"

"यंत्राचं झालं, सिस्टर."

ती काकांच्या खाटेशी बसली. "काका, माझ्या हातून चुकलं. किती दुखतंय? बोटं दाखवा."

त्यांनी दोन्ही पंजे उघडले. तिने मोजून 'नऊ' भरलं. काकांनी नकाराची मान हलवली, आणि करवतीने कधीकाळी खाल्लेल्या बोटाचं थोटूक तिच्यापुढे धरलं. तिने नऊ खोडून दहा केलं. डॉक्टर सुई घेऊन येईपर्यंत ते थोटूक तिने हातात धरून ठेवलं होतं.

मायबापहो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या सुतारकाकांची आठवण ठेवा.