लॉकरिजसाठी छापलेलं पान

मी एक जुना प्रिंटर आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका छोट्या गावात, सार्वजनिक वाचनालयाच्या कोपऱ्यात माझं सारं आयुष्य गेलं. मित्रांनो, मी आलो तेव्हा लोक मला पाहायला उभे राहत. माझं पान गरमागरम बाहेर पडे आणि अक्षर असं काळंभोर, की म्हाताऱ्यांना चष्मा लागत नसे. मग दिवस पालटले. कागद अडकला की जो तो मला थापट्या मारू लागला. फक्त आमच्या ग्रंथपाल मिस ओपल माझं झाकण हळूच उघडत आणि म्हणत, "रुसलास का रे बाबा?"

त्या वर्षी मार्ली टॅकेट रोज येऊ लागली. ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्याचं काम करायची. गावातलं इस्पितळ बंद पडलं, तेव्हापासून तिने डॉक्टर होऊन इथेच परतायचं ठरवलं होतं. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा तिने तीनदा दिली होती. ही परीक्षा एकदा दिली की लपवता येत नाही. तिन्ही वेळचे गुण कॉलेजला दिसतात, आणि काही वर्षांनी ते शिळे धरले जातात. मार्लीचे गुण येत्या वर्षी शिळे होणार होते. चौथ्यांदा बसायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

अर्जात प्रश्न होता: परीक्षा पुन्हा का द्यावी लागली, ते लिहा. तिचा पहिला खर्डा मीच छापला. वडिलांचा दमा, कामाच्या बदलत्या पाळ्या, ऐन परीक्षेच्या सकाळी बंद पडलेली गाडी, सगळं त्यात होतं. आणि सगळं खरं होतं.

मिस ओपलनी पान वाचलं. "पोरी, हा निबंध आहे की रजेचा अर्ज?"

दुसऱ्या खर्ड्यात तिने अपयशाने आपल्याला घडवलं, असं लिहिलं. "हे कोण बोलतंय?" मिस ओपल म्हणाल्या. "तुला लहानपणापासून ओळखते मी. तू असलं कधी बोलली नाहीस."

"मग काढूनच टाकते ना सगळं!"

"टाक की. तीन आकडे तिथे ढळढळीत दिसणार आणि तू तोंडाला कुलूप लावून बसणार."

असे अकरा खर्डे झाले. शेवटचा मला पाठ आहे. 'पहिल्यांदा मी घाई केली. दुसऱ्यांदा तीच चूक केली, कारण पहिल्यांदा कुठे चुकले ते मी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्यांदा चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवला. गुण वाढले. पुरेसे वाढले का, ते तुम्ही ठरवा.' हे छापताना मला माझाच अभिमान वाटला. मिस ओपलनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आता बोललीस बघ तू."

मार्लीने नऊ कॉलेजं निवडली होती. आधी आठांना अर्ज गेले. ब्रॅमवेलसह त्या आठही कॉलेजांनी नकार कळवला. राहिलं लॉकरिज. त्यांचा प्रश्नही तोच होता. मार्लीने ब्रॅमवेलला पाठवलेलं, शेवटी एक ओळ वाढवलेलं उत्तर उचललं, थोडं नीट केलं आणि मला छापायला दिलं. मिस ओपलचा नियमच होता, पडद्यावर वाचलेलं खरं नाही. कागदावर घ्यायचं आणि मोठ्याने वाचायचं.

त्या दिवसांत माझा टोनर, म्हणजे माझी शाईची पूड, संपत आला होता. पानाच्या उजव्या बाजूला एक फिकट पट्टा उमटायचा. वाचनालयाच्या मुख्य कचेरीकडे नवा टोनर मागून तीन महिने झाले होते. मिस ओपल मात्र न अडखळता वाचत गेल्या. पुसट शब्द त्या मनानेच भरत होत्या. शेवटची ओळ त्यांनी खणखणीत वाचली, "आता मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते, म्हणूनच मला लॉकरिजमध्ये शिकायचं आहे."

"पाठवू?" मार्लीने विचारलं.

"पाठव पोरी. देव भलं करो."

सहा आठवड्यांनी नकार आला. मार्ली आली, संगणकापुढे बसली आणि पाठवलेलं उत्तर पुन्हा छापायला दिलं. तोवर मला नवा टोनर मिळाला होता. मी आनंदाने कामाला लागलो. पान काळंभोर बाहेर आलं, अगदी माझ्या तरुणपणासारखं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'म्हणूनच मला ब्रॅमवेलमध्ये शिकायचं आहे.'

मिस ओपल खुर्चीत बसल्या. "मी लॉकरिज वाचलं होतं गं. मोठ्याने वाचलं होतं."

"हो, मिस ओपल. मीही तेच ऐकलं." मार्लीने पानाची घडी घातली. "गुणांमुळेही असेल. कुणाला ठाऊक?"

ते कुणालाच कळणार नाही. तिचे गुण आता शिळे झाले. ती अजूनही वृद्धाश्रमातच आहे. कधीमधी पाळ्यांचा तक्ता छापायला येते आणि मला थापटी मारत नाही. मारली असती तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र फिकट छापू लागलं तर त्याला चालवून घेऊ नका. त्याची शाई बदला, नाहीतर ते बंद करा. आणि न दिसणारा शब्द मायेपोटी स्वतःच भरून वाचू नका. उजेडात धरून पाहा. मार्लीला याचा आता काही उपयोग नाही. तरी सांगतो, कारण तेव्हा मला सांगता आलं नाही.