विमलाबाईंचं गाणं

मीनाने पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली आणि उज्वलाची बोटं पेटीवर तिच्या मागून चाचपडत निघाली. चार सूर जुळले, पाचव्याला गाडी घसरली. सूर आता वर चढणार असं वाटावं तिथे मीना जागच्या जागी रेंगाळायची, आणि थांबणार असं वाटावं तिथे हळूच खाली उतरायची.

"हे गाणं आहे की नुसतं हूं हूं?" कीबोर्डमागून शेखर म्हणाला.

"तू गप रे," उज्वलाने भात्यावरचा हात काढला. "मीना, एखादा तरी शब्द आठवतो का?"

"नाही ना ताई. शब्द आई म्हणायचीच नाही. भाकरी थापताना नुसतं असं. हंगामाचा सण जवळ आला की दिवसभर हेच चालायचं."

रविवारी तोच सण होता. त्या दिवशी मंडळी शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. द्राक्षं, टोमॅटो, तांदळाची पोती, कुणी पाय बांधलेली कोंबडीसुद्धा वेदीपुढे ठेवतं, आणि उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो. त्या उपासनेची गाणी निवडायची म्हणजे सगळ्यांची बोलणी खायची. तरुणांना ड्रम हवे असतात, म्हाताऱ्यांना झांजा हव्या असतात, आणि पाळकसाहेबांना काहीही चालतं, फक्त वेळेत संपायला हवं. गायनमंडळ सांभाळणाऱ्या उज्वलाने कशीबशी सगळ्यांची तोंडं बंद केली होती. तेवढ्यात इगतपुरीहून मीना आली.

तिची आई विमलाबाई उभा जन्म चर्चच्या याच क्वायरमध्ये गायली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि मीना तिला सासरी घेऊन गेली. तेव्हापासून विमलाबाई भिंतीकडे बघत बसून असत. रविवारी मीना त्यांना गाडीत घालून इथे आणणार होती.

"तिला तिचं गाणं ऐकवा, ताई," ती आल्या आल्या म्हणाली होती. "घास भरवते, अंघोळ घालते, पण मी कोण हे तिला कळतं की नाही, तेच मला कळत नाही. त्या गाण्याची तरी ओळख पटते का, एवढं मला बघायचंय."

उज्वलाने गीतांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत पेटीवर वाजवून पाहिलं. क्वायरमधल्या जुन्या बायकांना सिन्नरला, ओझरला फोन केले. कुणालाच ते गाणं ओळखता येईना. तिला मनातून लाज वाटत होती. इतकी वर्षं एका बाईबरोबर उभं राहून गायलो आणि तिचं आवडतं गाणं कुठलं, हे आपल्याला ठाऊक नसावं!

"जाऊ दे ताई, नाही सापडत तर," मीना पिशवी उचलत म्हणाली. "माझी गाडी आहे सहाची."

तालमीच्या खोलीत जमलेली क्वायर ताटकळली होती. कापणीचं ते जुनं, संथ गीत उज्वलाने यंदा वगळलं होतं. अलीकडे ते अगदी बिनमिठाच्या पिठल्यासारखं लागायचं. पण पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं होतं, तेव्हा एकदा म्हणायचं आणि मग हात झटकायचे, असं तिने ठरवलं. शेखरने सूर दिला. सगळ्या बायका नेहमीच्या चालीत म्हणू लागल्या.

दुसऱ्या ओळीला दाराकडून मीनाचं ते गुणगुणणं आलं, तिच्याही नकळत.

उज्वला आधी वैतागलीच. मागे वळून हात उचलणार, तो तिचा हात तसाच राहिला. मीना जिथे रेंगाळत होती, तिथे बरोबर चाल तिच्या सुरावरून वर चढत होती. मीना जिथे विनाकारण उतरायची, तिथे सगळं गाणं सावकाश तिच्या सुरावर येऊन टेकत होतं. मघाशी जो सूर बेसूर वाटला होता, त्याच्याचमुळे आता अंगावर काटा येत होता. शेखरने बोटं उचलली. आता वाद्य नव्हतं, नुसते आवाज होते, आणि रोजची ती छोटीशी खोली एकदम फार उंच झाल्यासारखी वाटली.

कडवं संपलं.

"हे तर आपलं कापणीचं गीत," मीना गोंधळून म्हणाली. "हे मला लहानपणापासून येतं. आईचं गाणं वेगळं होतं."

"हेच होतं गं," उज्वला म्हणाली. "आम्ही वरची चाल म्हणायचो. तुझी आई ऑल्टो, ती खालचा सूर धरायची. घरी ती आपला भाग पक्का करत होती."

"म्हणजे मी इतकी वर्षं अर्धंच..."

"आणि आम्ही ही दोन वर्षं उरलेलं अर्धं."

विमलाबाई इगतपुरीला गेल्यावर खालचा सूर कुणी धरलाच नव्हता. गाणं फिकं पडलं, आणि दोष आपण गाण्याला दिला! उज्वलाच्या डोळ्यांपुढे तव्याशी बसलेली ती बाई आली. तिच्या कानात तेव्हा बाकीचे सगळे आवाज वाजत असणार. भरलेलं चर्च घेऊन ती भाकऱ्या थापत होती, आणि शेजारी खेळणाऱ्या पोरीला त्यातला एकच आवाज ऐकू येत होता. या विचाराने उज्वलाला बसल्या जागी हात जोडावेसे वाटले.

मीनाची सहाची गाडी चुकली. ती साडेसातच्या गाडीने गेली, तोवर तालीम चालली.

रविवारी विमलाबाईंची चाकाची खुर्ची पहिल्या बाकाशेजारी, द्राक्षांच्या क्रेटजवळ लावली होती. मान एका बाजूला, नजर भिंतीवर. मीना आईच्या जागी, क्वायरच्या डाव्या टोकाला उभी राहिली.

पहिलं कडवं झालं. विमलाबाई भिंतीकडेच बघत होत्या. दुसरं झालं. तेव्हाही त्यांची पापणी हलली नाही. मंडळी मात्र माना वळवून क्वायरकडे बघू लागली होती. जुन्या गाण्यात हे काय आलं म्हणून मागच्या बाकावरचे म्हातारे उठून उभे राहिले. मीनाला यातलं काही दिसत नव्हतं. ती फक्त आईकडे बघत होती. तिसऱ्या कडव्याला तिचे डोळे भरले, सूर खाली घसरला.

तेव्हा विमलाबाईंची मान वळली. कपाळाला आठी पडली. मांडीवरचा डावा हात सावकाश उठला आणि त्यांनी लेकीवर नजर रोखून एक बोट वर केलं. वर. अजून वर.

मीनाने डोळे न पुसता सूर उचलला. तो नेमका जागेवर बसेपर्यंत ते बोट खाली आलं नाही.