भिंगाखाली आलेले तीर्थ

मित्रांनो, ज्याला स्वतःचा प्रकाश नाही आणि जो आयुष्यभर सूर्याकडून उसना उजेड घेत आला, असा मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या पायाशी एक लहानसा गोल आरसा आहे. तो उजेडाकडे वळवावा, काचपट्टी माझ्या पुढ्यात ठेवावी आणि एक डोळा नळीला लावावा. मग पाण्याच्या एका थेंबात केवढी वस्ती नांदते ते मी दाखवतो. एवढेच माझे काम, आणि तेच माझे व्रत.

माझा जन्म अंबाल्याचा. तेथील एका वृद्ध कारागिराने माझी भिंगे घासली. घासताना तो बोलत नसे. देवपूजेला बसल्यासारखा एकाग्र असे. सागवानी पेटीत बसून मी येडशीच्या स्थानकावर उतरलो आणि तेथून धाराशिवच्या प्रयोगशाळेत आलो. तेव्हा त्या गावाचे नाव निराळे होते. हिवतापाच्या दिवसांत रक्ताच्या किती काचपट्ट्या माझ्या नजरेखालून गेल्या, याची गणती नाही. मोठे डॉक्टर येत, माझ्यातून पाहत आणि म्हणत, "भिंग काय स्वच्छ आहे हो!" त्या शब्दांनी माझे पितळ अधिकच उजळे.

पुढे विजेवर चालणारा नवा सूक्ष्मदर्शक आला. त्याचा मला मत्सर वाटला नाही. ज्ञानाचे साधन नवे होत राहावे, हे योग्यच आहे. पण मला वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवले, माझ्या पेटीवर चहाच्या कपबश्या आल्या आणि दोन पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी धरली. ज्याने जन्मभर इतरांना दाखवले, त्याला स्वतःला काही दिसेनासे झाले. मित्रांनो, या दुःखाला शब्द नाहीत.

मग अस्मिता आली. ती प्रयोगशाळेतली नवी तंत्रज्ञ. तिने कपबश्या बाजूला केल्या, पेटी उघडली आणि मऊ सुती कापडाने माझे एकेक भिंग पुसले. कुणीतरी हसून विचारले, "बाई, या म्हाताऱ्याचं काय लोणचं घालणार?" ती म्हणाली, "जिथं वीज नसंल तिथं हाच बोलंल माझ्याशी."

आणि तसा प्रसंग आलाच.

आश्विन पौर्णिमेला आई भवानीच्या दर्शनासाठी चहूकडून लोक तुळजापुरास पायी येतात. त्या वर्षी दर्शन घेऊन घरी परतलेल्या कित्येकांना काही दिवसांनी एकच दुखणे जडले. पोट फुगे, करपट ढेकर येत, वारंवार शौचास जावे लागे आणि अंगातली शक्ती गळून जाई. मुरुमच्या दवाखान्यात असे रुग्ण आले, म्हणून अस्मिता मला घेऊन तिकडे गेली.

तेथे लक्ष्मम्मा नावाची कानडी बोलणारी वृद्धा खाटेवर बसली होती. आजारपणातही तिची जीभ शाबूत होती.

"परवाचे भजी बाधले गं अव्वा," ती ठामपणे म्हणाली. "नणंदेनं केले होते. तिच्या हाताला गुणच नाही!"

"नणंदेला सोडा, आजी," अस्मिता हसली. "वाटेवर पाणी कुठं प्यालात, ते सांगा."

"पाणी? एका गावात पाणपोई होती बघ. ब्राह्मणबाईची. लई चांगलं पाणी, तुळशीचा वास येत होता."

अस्मिताने तिच्या शौचाचा ताजा नमुना खिडकीशी नेला आणि माझ्या आरशात सूर्य धरला. काचेवर पतंगाच्या आकाराचा एक जीव गळणाऱ्या पानासारखा डुलत होता. त्याच्या अंगावर दोन गोल ठिपके होते, थेट डोळ्यांसारखे. आयुष्यभर मी जगाकडे पाहत आलो. त्या दिवशी प्रथमच कुणी माझ्याकडे उलट पाहत आहे असे वाटले. तो जिआर्डिया नावाचा परजीवी होता. पाण्यातून पोटात शिरला की तो आठ-पंधरा दिवस गुपचूप बसतो आणि मग आपला प्रताप दाखवतो. त्यामुळे माणूस कालच्या जेवणाला दोष देतो आणि खरे दोषी पाणी मागे वाटेवरच राहून जाते. बिचाऱ्या नणंदेवरचा आळ तेथेच टळला.

इतर रुग्णांनीही त्याच पाणपोईचे नाव घेतले. म्हणून आमची जीप तुळजापूरच्या वाटेवरील त्या लहानशा गावी गेली. पाणपोई चंद्रप्रभाकाकूंची. पतीच्या पश्चात त्या एकट्या राहत आणि दर पौर्णिमेला ओसरीवर मोठाले रांजण मांडून वाटसरूंची तहान भागवीत. पाणी येई बब्रुवान नावाच्या शेतकऱ्याच्या बोअरमधून. आपल्या दिवंगत आईच्या नावाने तो ते विनामूल्य देई. तेवढ्यासाठी त्याने शेतापासून ओसरीपर्यंत नळी टाकली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती नळी कापलेली होती. आजाराची वार्ता आमच्या आधीच गावात पोहोचली होती आणि निकालही लागून गेला होता.

"बोअरपाशी म्हशी धुतो तो," पारावरचा एक गृहस्थ म्हणाला. "आणखी काय व्हायचं?"

बब्रुवान समोरच उभा होता. त्याचा चेहरा काळवंडला. "मॅडम, म्या काय पाण्यात इख कालवलं व्हय? बोअर बंद करायचा ठराव करत्यात. माज्या हातचं पाणी कुणी घेईना झालंय. मायच्या नावाचं पाणी हाय ते."

कार्तिक पौर्णिमा तोंडावर आली होती. तोवर खरे कारण हाती लागले नाही, तर त्या माणसाच्या आईचे नाव या आळाखाली कायमचे गाडले जाणार होते. आणि खरा दोष तसाच राहून नव्या यात्रेकरूंच्या पोटात जाणार होता.

गावात वीज गेलेली होती. अस्मिताने काकूंच्या ओसरीवर पाट मांडून मला त्यावर बसवले. बोअरचे पुष्कळ पाणी गाळून, तळाशी बसलेला गाळ घेऊन तिने काचपट्ट्या केल्या. मी नितळ पाहिले. काहीच नव्हते. पुन्हा नवी काचपट्टी, पुन्हा काही नाही. "काकू, पौर्णिमेला दुसरं कुठलं पाणी आणलं होतं का?" तिने विचारले.

"छे गं. दुसरं पाणी नाही. बब्रुवानाचंच. आणि त्यात औषधही घातलं होतं, ग्रामसेवक सांगतो तसं." काकू असत्य बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

ऊन चढले. बब्रुवान पायरीवर मान खाली घालून बसला होता. अस्मिताने थकून पाणी मागितले. काकूंनी माठातून फुलपात्र भरले आणि देवघरात वळत म्हणाल्या, "थांब हं. तीर्थ घातल्याशिवाय आमच्याकडं पाणी देत नाहीत."

त्यांनी तांब्याच्या कलशातून पळीभर तीर्थ तुळशीच्या पानासह फुलपात्रात सोडले. अस्मिताचा हात ओठांपाशीच थबकला. तुळशीचा वास! लक्ष्मम्माचे शब्द तिला आठवले असावेत.

"काकू, हे पाणी कुठलं?"

"पाणी?" काकूंना प्रश्नच विचित्र वाटला. "हे पाणी नव्हे, बाळ. हे तीर्थ. गोमुखाच्या बारवेतलं."

"रांजणातही घालता?"

"प्रत्येकात तांब्याभर. सासूबाईंपासूनची रीत आहे."

मित्रांनो, या घोटाळ्याचे मूळ असे सात्त्विक होते. सर्वांनी पाण्याची चौकशी केली आणि काकूंनी पाण्याविषयी खरेच सांगितले. त्यांच्या मनात तीर्थ पाण्याच्या पंगतीत कधी बसलेच नव्हते.

अस्मिताने बारवेचे पाणी आणून गाळले आणि तळाचा थेंब माझ्यापुढे ठेवला. या वेळी मला रिकाम्या हाताने परतावे लागले नाही. टणक कवचाच्या, लंबगोल, निश्चल कोशांत तोच जीव निजलेला होता. हे कवच एवढे चिवट की रांजणातले औषधही त्याला पुरे पडत नाही. काहींच्या पोटात हा जीव काही त्रास न देताही राहतो, म्हणून रोज तीर्थ घेणाऱ्या काकूंना तो कळला नव्हता. बारवेच्या वरच्या अंगाला यात्रेकरूंच्या सोयीसाठी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शौचालये बांधली होती. पावसाळ्यात त्यांच्या शोषखड्ड्याचे पाणी मुरत मुरत झऱ्याला मिळाले होते. तीर्थाचा अपराध नव्हता. त्याच्या उशाशी आपण काय खोदतो आहोत, हे कुणी पाहिले नव्हते.

"बघा, काकू," अस्मिता हळूच म्हणाली.

काकूंनी चष्मा काढला, पदर सावरला आणि माझ्या नळीला डोळा लावला. त्यांच्या श्वासाने माझे भिंग क्षणभर धूसर झाले. पुष्कळ वेळ त्या तशाच राहिल्या. मग मागे सरल्या आणि कलशाकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे ज्यांची तहान भागवायला बसले, त्यांनाच..." त्या म्हणाल्या.

"काकू, चूक कुणाच्या ध्यानी-मनी नव्हती."

"ते खरं. पण आळ मात्र एकाच्याच माथी आला." त्या उठल्या आणि पायरीवरच्या बब्रुवानासमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "बब्रुवान, तुझं पाणी निर्मळ होतं. ते मी पारावर जाऊन सांगणार आहे. आत्ताच."

तो गडबडून उभा राहिला. "काकू, हात नका जोडू, पाप लागंल मला." मग डोळे पुसत म्हणाला, "फकस्त तेवढं म्हशींचंबी सांगा. त्या बिचाऱ्या उगाच बदनाम झाल्या."

काकूंना हसू आले, आणि त्या हसण्यातच दोघांचे ओझे उतरले. सांगितल्याप्रमाणे त्या भर दुपारी पारावर गेल्या. बोअर बंद करण्याचा ठराव तेथेच मागे पडला आणि बारवेवरचा शोषखड्डा बुजवण्याचे ठरले.

"मग तीर्थ सोडायचं का, काकू?" परतल्यावर अस्मिताने संकोचाने विचारले.

"सोडायचं कशाला? एक संस्कार राहून गेला होता. आधी तीर्थ, मग अग्नी. अग्नीहून मोठं पावन करणारं कोण आहे?"

कार्तिक पौर्णिमेला आम्ही पुन्हा गेलो. परसात चुलाणावर मोठे पातेले चढले होते. नव्या नळीतून बब्रुवानाच्या बोअरचे पाणी त्यात पडत होते. काकू त्यात तीर्थ सोडत, पाणी खळखळ उकळू देत, आणि निवल्यावरच ते रांजणात जाई. लक्ष्मम्माही आली होती, नणंदेला सोबत घेऊन! तिने ओंजळ पुढे केली आणि विचारले, "कुठलं पाणी, अव्वा?" काकू म्हणाल्या, "बब्रुवानाच्या बोअरचं. त्यात बारवेचं तीर्थ आहे, दोन्ही उकळलेलं." पुढचे पंधरा-वीस दिवस अस्मिता मुरुमच्या दवाखान्यात चौकशी करत राहिली. त्या दुखण्याचा एकही नवा रुग्ण आला नाही.

आता मी कपाटावर नसतो. अस्मिताच्या मेजावर, खिडकीशी माझी जागा आहे. काकूंनी आपल्या जुन्या इरकली लुगड्याची मला खोळ शिवून दिली आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल, तर त्याचे भिंग मऊ कापडाने पुसा आणि त्याला कोरड्या जागी ठेवा. आणि झरा असो, बारव असो, की देवघरातला कलश असो, ज्याला तुम्ही पवित्र मानता त्याच्या वरच्या अंगाला काय चालले आहे, तेही एकदा चढून पाहून या. काकू आता दर पावसाळ्यात काठी टेकत तेवढी चढण चढतात, आणि बब्रुवान त्यांच्या मागे छत्री धरून चालतो.