बोरघिल्डबाईंचा कठडा

"अहो बाई, ही काय वेळ आहे दगड फोडायची?"

बोरघिल्डबाईंनी मान वर केली नाही. दारापुढच्या वरच्या पायरीवर जुनी उशी टाकून, गुडघे टेकून त्या बसल्या होत्या. हातात छिन्नी-हातोडी, अंगात वारलेल्या नवऱ्याचा पिवळा रेनकोट. बारीक पाऊस चालूच होता. बोटीवरून उतरलेले दोन पर्यटक फोटो काढत होते. त्यांना वाटलं असावं, ही इथली एखादी जुनी रीतच आहे.

"तू तुझं काम बघ, ऑडवार," बाई म्हणाल्या. "आणि उभाच राहणार असलास तर छत्री तरी धर."

मी छत्री धरली. गोदीत वेल्डिंग करून मी निवृत्त झालो, घर बाईंच्या अगदी समोर, आणि आमच्या गल्लीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

गल्ली आहे तीच मुळी बाईंमुळे. त्यांचं लाकडी घर हेरिंग मासळी खारवायची पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराने बांधलेलं. पुढे ते एका तांडेलाकडे गेलं, आणि त्याच्याकडून बाईंच्या सासूकडे, सेवेरीनाबाईंकडे आलं. कारखान्यात सार्डिन मासळीचे डबे भरून भरून त्या बाईने घर घेतलं होतं. नंतर नगरपालिकेला मोटारी लावायला जागा हवी झाली आणि सगळी गल्ली पाडायची ठरली. पाडायच्या दिवशी बोरघिल्डबाई त्याच कारखान्यातल्या कामावरून थेट आल्या, पाडायला आलेल्या यंत्रापुढे स्वयंपाकघरातली खुर्ची मांडली आणि मोजा विणत बसल्या. मोजा पुरा झाला, दुसराही झाला. गल्ली वाचली, संरक्षित ठरली. तेव्हापासून नियमांवर पहारा बाईंचाच. मी एकदा हौसेने दार हिरवं रंगवलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर पांढऱ्या रंगाचा डबा. रंग चांगल्यातला होता, हे मी कबूल करतो.

तोच पहारा आता त्यांच्यावर उलटला होता. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून पाय घसरून त्या याच पायऱ्यांवर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑस्लोला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने तिकडे लिफ्टवाला फ्लॅट बघून ठेवला. बर्फ पडायच्या आत पायऱ्यांना कठडा बसव, नाहीतर इकडे ये, असं त्याने बजावलं. आणि वारसा-कचेरीतली सुन्निवा म्हणाली, पूर्वी जे नव्हतं ते आता बाहेरून लावता येणार नाही.

मी म्हटलं होतं, रविवारी सगळे डोंगरावर फिरायला गेले की गुपचूप कठडा ठोकून देतो.

"माझ्याच नियमाला मी भोक पाडू?" बाई माझ्यावरच उखडल्या. "मग त्या हिरव्या दाराने काय घोडं मारलं होतं?"

सिमेंटचा एक टवका उडाला. खाली दगडात गंजलेल्या लोखंडाचा खुंट दिसला. बाईंनी तो अंगठ्याने पुसला आणि दुसऱ्या बाजूला उशी सरकवली.

"इथे कठडा होता?" मी चाट पडलो.

"होता. मी लग्न होऊन आले तेव्हा होता, तू गल्लीत यायच्या आधी."

"मग इतके दिवस तोंडाला कुलूप का?"

बाईंनी छिन्नीवर पुन्हा घाव घातला. सुन्निवा सायकल भिंतीला टेकवत होती. बाईंनीच तिला बोलावलं होतं. दुसरा खुंट उघडा पडल्यावर वाकून तिने दोन्ही चाचपले.

"हे करवतीने कापलंय. कुणी कापलं, आजी? मला कारण नोंदवावं लागेल."

बाईंनी हातोडी खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना शब्द शोधताना पहिल्यांदा पाहिलं.

"टोरलीफने. माझ्या नवऱ्याने. सासूबाई गेल्या, त्या दिवशी. शवपेटी दारातून निघाली, पण गल्ली ही एवढीशी. कठड्यामुळे वळेना. उचलणाऱ्यांचे हात भरून आले, पाद्री ताटकळला, शेजारणी कुजबुजायला लागल्या. आईला तशीच अधांतरी ठेवून तो करवत शोधत गल्लीभर पळाला. सगळ्यांसमोर रडत कापलं त्याने. फार लाज वाटली त्याला. दुसऱ्या दिवशी सिमेंट ओतलं, आणि पुन्हा कधी विषय काढू दिला नाही. म्हणून मीही काढला नाही."

"मग आज?" मी विचारलं.

"आज तो नाही. आणि मला इथेच राहायचंय." त्यांनी माझ्यापुढे हात केला. "असता तर आधी रुसला असता, मग त्यानेच छिन्नी आणली असती. उठव मला."

सुन्निवाने पुन्हा एकदा खुंटांवरून बोट फिरवलं. "याच जागी बसवा," ती म्हणाली. "साधा, काळा. बाकी काही नको."

बाईंनी तिला आत नेऊन वाफल खायला घातलं. मलाही मिळालं, पण छत्री झटकल्यावर.

कठडा मी माझ्या तळघरात घडवला. हात थोडे थरथरतात आता, पण काम फक्कड झालं. बसवायच्या दिवशी वेल्डिंगचं सामान घेऊन गेलो, तर बाई दारात आडव्या.

"वेल्डिंगचा जोड नको. बोल्ट लाव."

"बाई, बोल्ट गंजतात. जोड शंभर वर्षं टिकेल!"

"तेच नकोय. मला न्याल तेव्हा कुणाला करवत शोधत पळावं लागू नये."

मी बोल्ट लावले. पाना त्यांनी दारामागच्या खिळ्याला टांगला, कोटाशेजारी.

पहिल्या बर्फाच्या आधी मी बोल्टना तेल घालायला गेलो. बाई कठड्याला धरून वरच्या पायरीवर उभ्या होत्या.

"फिरतात का?" त्यांनी विचारलं.

"फिरतात."

"मग आवळून ठेव," त्या म्हणाल्या, आणि एकेक पायरी उतरत पाव आणायला गेल्या.