चैतू तिम्माची साक्ष

शनिवारी साधनाने संस्थेच्या वेब अ‍ॅपचा पायाभूत सांगाडा, फ्रेमवर्क, नव्या आवृत्तीवर नेला, आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत तिला सात फोन आले. सगळ्यांची तक्रार एकच. ‘तुमची ओळख पटली नाही’ असं लिहून येतं आणि अ‍ॅप बाहेर काढतं.

चंद्रपूरच्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात संगणकाचं सगळं काम साधनाच्याच गळ्यात होतं. संस्था गडचिरोलीतल्या गावांना वनहक्काचे दावे तयार करायला मदत करायची. गावचे कार्यकर्ते म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी मोबाइलवर रेकॉर्ड करत. गावाचं जंगल कुठून कुठवर, देव कुठे बसतात, मोहफुलं कोणत्या बाजूला वेचायची, असं सगळं त्यात असे. गावात नेटवर्क नसे. कार्यकर्ता पंधरा दिवसांनी एटापल्लीला उतरला की साक्षी सर्व्हरवर चढत. जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं होतं, म्हणून बदल लांबवून चालणार नव्हतं. शनिवारी तिने स्वतःच्या फोनवर नव्याने लॉगिन करून बघितलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं.

तिने आधी पासवर्ड तपासले. ते जसेच्या तसे होते. सर्व्हरचं घड्याळ पाहिलं, तेही बरोबर होतं. मग नोंदी वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की नकार फक्त आधीपासून लॉगिन असलेल्यांनाच मिळतोय. एकदा लॉगिन केलं की सर्व्हर फोनला एक टोकन देतो, ओळखपत्रासारखं, म्हणजे दर वेळी पासवर्ड विचारावा लागत नाही. त्या टोकनवर सर्व्हरची सही असते. नव्या आवृत्तीने सहीची पद्धत बदलली होती, त्यामुळे आधी दिलेलं प्रत्येक टोकन खोटं ठरत होतं. जुनी सहीही काही दिवस चालवून घ्यावी, एवढं सांगणाऱ्या चार ओळी तिने लिहिल्या. साडेबाराला एकेक जण आत येऊ लागला.

"झालं का गं?" संस्थेचे अमरभाऊ दारातून म्हणाले.

"झालं, भाऊ."

तिने डबा उघडला, तेवढ्यात दिनेशचा फोन आला. दिनेश कोहकाटोल्याचा कार्यकर्ता, साक्षी चढवायला एटापल्लीला उतरलेला, सकाळच्या सातांतला पहिला.

"ताई, पासवर्ड टाकून आत तं गेलो मी. पण यादी रिकामी दिसून राह्यली. माह्या अकरा रेकॉर्डिंग कुठी गेल्या?"

साधनाचा घास हातातच राहिला. तीन वर्षांपूर्वी तिनेच लिहिलं होतं ते. सर्व्हरने ओळख नाकारली, की फोनवरचं सगळं पुसून टाकायचं. फोन कोणी हिसकावून नेला तर साक्ष देणाऱ्यांची नावं भलत्याच्या हाती पडू नयेत, म्हणून. बैठकीत सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. बाकी सहा जणांच्या साक्षी आधीच चढलेल्या होत्या. दिनेशच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"दिनेशभाऊ, फोन बंद करा. काईच करू नका त्यात. मी येते."

"दहा तं पुन्हा करता येतीन," तो हळू आवाजात म्हणाला. "पण एक चैतूबाबाची आहे. बाबा मागच्या बुधवारी गेले."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने गडचिरोलीला, तिथून एटापल्लीला पोचली. दिनेश स्टँडवर उभा होता. तिथल्याच एका हॉटेलच्या बाकावर तिने त्याचा फोन लॅपटॉपला जोडला आणि दुपार उलटेपर्यंत ती खटपटत राहिली. फायली कुलूप लावून ठेवलेल्या असायच्या आणि पुसताना अ‍ॅप आधी किल्लीच नष्ट करायचं. तिने ते फार काळजीपूर्वक लिहिलं होतं. कुठे फट राहिली असेल म्हणून ती स्वतःचाच कोड पुन्हा पुन्हा वाचत होती. फट नव्हती.

"नाई होत," ती शेवटी म्हणाली.

दिनेशने दोघांच्या चहाचे कप उचलून आत नेऊन ठेवले.

"बाबांच्या घरी सांगितलं का?" साधनाने विचारलं.

"नाई. मले नाई जमलं."

कोहकाटोल्याला पोचायला मोटरसायकलवर दीड तास लागला. चैतूची लेक बुधरी अंगणात मोहाची वाळकी पानं झाडत होती. तिने खाट टाकली, पाणी दिलं. साधनाने सांगितलं, दिनेशने ते त्यांच्या माडिया बोलीत पुन्हा सांगितलं. माझ्या हातून झालं, हेही सांगा, असं साधना त्याला म्हणाली. तेही त्याने सांगितलं.

बुधरीने पुन्हा झाडू हातात घेतला. मग तिने मराठीत विचारलं, "त्याचा आवाज बी नाई का?"

"नाही, बाई."

"दिनेश बोलला होता, ऐकवतो म्हणून. मी वाट पाहून राह्यली होती." ती एवढंच म्हणाली. रागावली असती तर साधनाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या जागी बुधरीची साक्ष घ्यायचं ठरलं. चालत चालत ती दाखवत गेली आणि दिनेश रेकॉर्ड करत राहिला. बांबूचं रान, देवाचा दगड, मासे धरायची कोंड, सगळ्यांची नावं तिला तोंडपाठ होती. नाल्यापाशी मात्र ती थांबली. पलीकडे डोंगरापर्यंत जंगल पसरलं होतं.

"इथून पुढं बापच मले घेऊन जाय," ती म्हणाली. "मले नावं नाई माहीत."

गावात दुसरं कोणी आहे का, असं साधनाने विचारलं. दिनेशने नकारार्थी मान हलवली. बाबाच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं.

त्या आठवड्यात साधनाने तो पुसण्याचा भाग बदलला. साक्ष सर्व्हरवर पोचल्याशिवाय फोनवरून आता काहीच पुसलं जात नाही. दावा पावसाळ्याआधी दाखल झाला. नाल्याच्या अलीकडचं जंगल मान्य झालं. पलीकडच्या भागापुढे ‘पुराव्याअभावी प्रलंबित’ असा शेरा आला. तो कागद दिनेशने फोटो काढून पाठवला. साधनाने दोनदा उत्तर लिहायला घेतलं, दोन्ही वेळा खोडलं, आणि शेवटी फक्त विचारलं, बुधरीबाई कशा आहेत.

दिनेशचं उत्तर पंधरा दिवसांनी, तो पुन्हा एटापल्लीला उतरल्यावर आलं. ‘बऱ्या आहेत. कागद आल्यापासून नाल्यापलीकडं जाणं बंद केलं त्यांनी.’