हिरव्या तीर्थाची समाधी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांचं हिरवं, गोड तीर्थ प्यायलेली बाई झोकांड्या खात हसत होती आणि लोक हात जोडून बघत होते.

"हुंगून बघा, दारूचा वास येतोय?" महाराज गरजले. "नाही ना? ही समाधी! आता गुडघेच काय, गेल्या जन्मीची दुखणीही पळतील!"

बाई शिवणकाम करायची. गुडघ्यांमुळे मशीन चालवणं जड झालं होतं. तिचा नवरा, गॅरेजातला मेकॅनिक, मागे उभा होता. किती दिवसांनी ही हसतेय, म्हणून त्याचे डोळे भरून आले.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. "मळ बाहेर पडतोय," महाराजांचा निरोप आला. "डॉक्टरकडे नेलंत तर कृपा संपली."

दुसऱ्या दिवशी लघवी थांबली, धाप लागली, तेव्हा कुठे त्याने तिला दवाखान्यात आणलं.

तपासणीत रक्तातलं आम्ल भलतंच वाढलेलं निघालं, लघवीच्या चार थेंबांत स्फटिक दिसले. "काय प्यायल्या होत्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

त्याने पिशवीतून महाराजांनी घरी न्यायला दिलेली तीर्थाची बाटली काढली. थेंबभर बोटांवर सांडलं. तो चिकटपणा बोटांनी लगेच ओळखला.

"डॉक्टरबाई, हे कूलंट आहे. गाडीच्या रेडिएटरमधलं. वीस वर्षं ओततोय मी."

"गोड लागतं, आधी दारूसारखं चढतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग यकृतात त्याचं जहर होतं आणि मूत्रपिंडं जातात. वेळेत उतारा दिला तर जहर होणंच थांबतं. आणखी कोणी प्यायलंय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी ताई. तिचेही सांधे दुखतात, म्हणून आज सकाळी मीच नेऊन दिलं."

ताईला धावतपळत आणलं, तेव्हा तीही हसत होती. तिला लगेच उतारा मिळाला. ती वाचली. बायकोलाही उतारा दिला, डायलिसिस लावलं. पण फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"मला लगेच आणलंस," ताई रडत म्हणाली, "मग तिला का नाही रे?"



महाराजांना पोलिसांनी नेलं, तरी सभागृहात माणसं वाट बघत बसली होती. मेकॅनिकने त्यांच्यासमोर दोन ग्लास मांडले. एकात तीर्थ ओतलं, दुसऱ्यात गॅरेजच्या डब्यातलं कूलंट.

"सांगा, देवाचं कुठलं?"

त्याने दोन्ही हिरवे ग्लास सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

"दारू न पिता कोणी झिंगलं, तर हात जोडू नका," तो म्हणाला. "काय प्यायलं ते विचारा, बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. मी एक दिवस थांबलो."